धाकट्याची झील

“आधी ते मशीन बंद कर, मग ताटावर बस,” तबिथाआत्या म्हणाली.

“राहू द्या ना आत्या. जेवताना तुम्ही किती छान बोलता.”

“जेवताना मी भाकर चावते. ते ऐकून पुण्याचे लोक काय करणारेत?”

मी मुकाट्यानं बटण दाबलं आणि ताटावर बसले. त्या बाईपुढं माझं कधी काही चाललं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

१९८७ सालचा मे महिना. मी सव्वीस वर्षांची, नावाआधी डॉक्टर लागायची भलतीच घाई झालेली, आणि खांद्याला टेपरेकॉर्डरचं धूड. जळकेवाडी हे नेवाशाकडचं, चहूबाजूंनी ऊस असलेलं गाव. गावाच्या खालच्या अंगाला आमची ख्रिस्ती वस्ती. चाळीसेक घरं आणि पत्र्याचं देऊळ. चर्चला आमचे लोक देऊळच म्हणतात. त्या देवळात माझे आजोबा, यकोबा मकासरे, कीर्तन करायचे. चरित्र येशूचं, पण थाट सगळा टाळ-ढोलकीचा. तबिथाआत्या त्यांची थोरली लेक. लवकर विधवा झाली, मूलबाळ नव्हतं, बापाच्या घरी परत आली आणि बापामागं त्याचे टाळ तिनंच उचलले. आत्याहून चार वर्षांनी धाकटा दानिएल. ते माझे पप्पा.

आत्या आणि पप्पा सत्तावीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. पप्पा शिकून पुण्याला मास्तर झाले. लग्न पुण्यात, मोठ्या चर्चमध्ये, ऑर्गन लावून. आत्या वस्तीतली सगळी मंडळी घेऊन ढोलकीसकट गेली होती. धाकट्या भावाचं लग्न, बिनभजनाचं कसं व्हायचं? पप्पांनी तिला दारातच गाठलं आणि हळू आवाजात सांगितलं, “अक्का, इथं तमाशा नको.” आत्यानं ढोलकी बगलेत मारली आणि न जेवता सगळ्यांना घेऊन परतीची गाडी पकडली. हे मला पप्पांनी नव्हे, आत्यानंच सांगितलं. तेही हसत हसत. “नवा कोट घातला होता तुझ्या बापानं. बाह्या आखूड होत्या.”

मग मी कशी पोचले तिथं? प्रबंधामुळं. धर्म, संगीत आणि माणसाचा हक्क हा माझा विषय. मला सिद्ध करायचं होतं की आमच्या लोकांनी भजन नुसतं दुःख विसरायला म्हटलं नाही, मागणं मागायला म्हटलं. जिथं अडवलं, तिथं उभं राहून म्हटलं. विद्यापीठात लोकांना हे पटत नव्हतं. भजन म्हणजे भक्ती आणि मोर्चा म्हणजे मोर्चा, असं त्यांचं सरळ चाललेलं. मला पुरावा हवा होता, आणि पुरावा म्हणजे एक गाणं होतं.

त्या गाण्याची हकीकत अशी. १९४० साली वस्तीला गावच्या बारवेवर पाणी भरू देत नव्हते. यकोबा आजोबा एका सकाळी सगळी वस्ती घेऊन बारवेवर गेले. पायरीशी लोक काठ्या घेऊन उभे. आजोबांनी तिथंच एक ओळ म्हटली. त्या ओळीत प्रश्न होता. आणि त्यांचा सहा वर्षांचा दानिएल पुढं झाला आणि त्यानं उत्तराची ओळ म्हटली. मग सगळ्या वस्तीनं ती उचलली आणि गात गात लोक पायऱ्या उतरले. काठ्या वर झाल्या, पण कुणाच्या अंगावर पडल्या नाहीत. त्या दिवसापासून रीतच पडली.

“मोठ्यानं विचारायचं, घरातल्या धाकट्यानं सांगायचं,” आत्या मला समजावत होती. आम्ही जेवून ओट्यावर बसलो होतो आणि तिनं मोठ्या मनानं मशीन लावू दिलं होतं. “ती झील, ती उत्तराची ओळ, दुसऱ्या कुणी धरायची नाय. कीर्तनकाराच्या घरातूनच आली पाहिजे.”

“असं का?”

“बाबा म्हणायचे, वस्तीला आधी दिसू दे की आपण आपलं लेकरू पुढं केलंय. मग वस्ती आपोआप मागं येती.”

“आणि धाकट्यानं नाहीच म्हटलं तर?”

“तीनदा विचारायचं. तीनदा विचारून घर गप राहिलं, तर वस्तीनंही गप राहायचं. गाणं पडलं मग.”

“पडलं कधी?”

“नाय बा. आमच्या घराचं पडलं नाय कधी.” मग म्हणाली, “म्हटलंच नाय ना सत्तावीस वर्षं. विचारणारी हाये, सांगणारा पुण्याला गेला.”

मी वहीत लिहिलं: *प्रश्न, थोरला. उत्तर, घरातील सर्वांत धाकटी व्यक्ती. तीन वेळा. १९६० नंतर गायन नाही.* खाली दोन रेघा मारल्या. अक्षर सुबक होतं माझं.

“आत्या, निदान पहिली ओळ तरी म्हणून दाखवा. नुसती चाल कळण्यापुरती.”

“काय गं, तहान लागल्याबिगर कुणी विहीर खणतं का? कुणी अडवलं की म्हणायचं ते गाणं. सवडीचं नाय.”

“मग माझा प्रबंध कसा व्हायचा?”

“तुझ्या प्रबंधाला अडवलंय का कुणी?” म्हणाली, आणि खळाळून हसली. ते हसणं अजून आहे माझ्याकडं टेपवर.

अडवणूक मात्र चालूच होती, ती दोन वर्षांपासून. वस्तीच्या कबरस्तानाला जायची गाडीवाट गावातल्या सोपानरावांच्या उसातून जायची. वाट पिढ्यान्‌पिढ्यांची. सोपानरावांनी एके दिवशी तिथं बाभळीच्या फांद्यांची कुपाटी घातली आणि सांगितलं, ही माझी जमीन. तहसीलमध्ये अर्ज गेले, तारखा पडल्या. तोवर वस्तीतलं कुणी वारलं की लोक कालव्याच्या कडेनं दोन कोस वळसा घालून मयत न्यायचे. देवळाचे पाळकसाहेब म्हणायचे, शांती राखा. लोक शांती राखत होते आणि खांदे बदलत वळसा घालत होते.

मी तिथं असतानाच शांतवनबाबा गेले. आजोबांच्या वेळचे ढोलकीवाले, ऐंशीच्या घरातले. बारवेवर गेलेल्या मोठ्या माणसांपैकी ते शेवटचे. पहाटे गेले आणि सकाळी वस्ती त्यांच्या दारात जमली. त्यांची बायको गुणाबाई भिंतीला टेकून बसली होती. पाळकसाहेब म्हणाले, “दहा वाजता निघू. ऊन व्हायच्या आत कालव्यापर्यंत पोचलं पाहिजे.”

आत्या म्हणाली, “शांतवनदादा वळसा घालून जायचा नाय.”

“तबिथाबाई, आज वाद नको.”

“वाद कोण घालतंय साहेब? आम्ही भजन म्हणणार.”

“सोपानरावांनी पोलीस बोलावले तर?”

“मग पोलीसबी ऐकतील. गुणे, तू सांग. तुझा माणूस हाये.”

गुणाबाई डोळे पुसून म्हणाली, “त्यांना कालव्याची वाट आवडायची नाय. चिखल असतो.” एवढंच. पण निर्णय झाला.

खरं सांगते, शांतवनबाबांच्या मरणाचं दुःख मला झालं, पण त्याच्या पाठोपाठ लगेच दुसरा विचार आला, की आज ते गाणं होणार. मी आत्याला घराच्या मागं गाठलं. ती हातपाय धूत होती.

“आत्या, आज ते म्हणणार तुम्ही?”

“म्हणणार.”

“पण झील? झील कोण धरणार?”

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघितलं. “हाये घरात माणूस,” म्हणाली.

मला हायसं वाटलं. मी समजले, श्रीरामपूरचे चुलत नातेवाईक येणार असतील, त्यांच्यातलं कुणी. मी धावत आत गेले, नवी कॅसेट काढली, सेल बदलले, हेडफोन पुसले. हसाल तुम्ही, पण मला खरोखर कळलं नाही. रीत मी स्वतःच्या हातानं लिहून घेतली होती, दोन रेघा मारून. ती रीत माझ्याबद्दल असेल, हे डोक्यातच आलं नाही. शिकलेल्या माणसाचं असंच होतं. आपण लिहिणारे, बाकीचे लिहिले जाणारे, असं एकदा मनात बसलं की मग आरशापुढून गेलं तरी दिसत नाही.

दहा वाजता निघालो. पुढं आत्या, रिकाम्या हातानं. मागं शांतवनबाबांची पेटी, चार जणांच्या खांद्यावर. त्यामागं गुणाबाई आणि सगळी वस्ती, बाया-माणसं मिळून दोनशे तरी. मी आत्याच्या उजव्या हाताला, दोन पावलं पुढं, उलटी चालत. कानावर हेडफोन, हातात माइक. ऊस डोक्याच्या वर गेलेला. कुपाटीशी पोचलो तर पलीकडं सोपानराव उभे होते, सोबत पाच-सहा गडी. बाजूला पोलिसांची जीप, दोन शिपाई आणि एक फौजदार.

सोपानराव म्हणाले, “तबिथाबाई, मयताला आमचा विरोध नाय. पण वाट ही नव्हं. कालव्यानं जावा.”

आत्यानं पायातल्या चपला काढून कडेला ठेवल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. मी मशीन चालू केलं. आवाज मोजणारा काटा हलला. आणि तिनं ती ओळ म्हटली, ज्यासाठी मी तीन वर्षं जीव टाकत होते:

“वाटेवर उभा कोण, वाट कोण रोखी?”

काय आवाज होता तो! सत्तावन्न वर्षांची बाई, पण कुठं कंप नाही, ओरडणं नाही. विचारणं होतं नुसतं. ढोलकी नव्हती, टाळ नव्हते. वारासुद्धा पडलेला. काटा बरोबर मधोमध येऊन थांबत होता, जिथं तो यावा म्हणून आम्ही ध्वनिमुद्रणवाले देवाला हात जोडतो. ओळ संपली आणि आत्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

मला वाटलं, मशीन चालू आहे ना ते बघतेय. मी मान डोलावली. चालू आहे.

तिनं पुन्हा म्हटलं. “वाटेवर उभा कोण, वाट कोण रोखी?” पुन्हा माझ्याकडं बघितलं, आणि या वेळी नुसती ती नाही, पेटी खांद्यावर घेतलेले चौघं, गुणाबाई, सगळी वस्ती माझ्याकडं बघत होती. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरातलं धाकटं. यकोबाच्या रक्ताची आता तीनच माणसं. आत्या, पप्पा आणि मी.

आणि मला ती उत्तराची ओळ येत होती.

पप्पा ती दाढी करताना म्हणायचे. रोज सकाळी, आरशासमोर, तोंडाला साबण लावून. एकच ओळ, पुन्हा पुन्हा, जेमतेम ऐकू येईल अशी. मी लहानपणापासून ती ऐकत आले होते, आणि तिच्या आधी काही ओळ असेल असं कधी वाटलंही नव्हतं. आज आत्यानं पहिली ओळ म्हटली आणि ती दुसरी तिला अशी जाऊन मिळाली की माझ्या अंगावर काटा आला. ती ओळ माझ्या गळ्यापर्यंत आली होती. ओठ उघडायचेच राहिले होते.

पण हातात माइक होता. माझे मार्गदर्शक आगटेसर. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ध्वनिमुद्रण चालू असताना संशोधकानं हुंकारसुद्धा द्यायचा नाही, एक हुंकार आणि पुरावा बाद. मी तोंड उघडलं असतं तर माझा आवाज माइकच्या तोंडाशी, फाटून आला असता. परीक्षक म्हणाले असते, बाई, हे गाणं तुम्हीच म्हटलंत. सत्तावीस वर्षांनी निघालेली ओळ, एवढी स्वच्छ, आणि मी ती खराब करू? हे सगळं मी तेवढ्या दोन श्वासांत मोजलं. शिवाय लाजही होती. ती का लपवू? चारचौघांत, उसाच्या कडेला, फौजदारासमोर गायचं? माझ्या आत पण एक आखूड बाह्यांचा कोट होताच.

आत्यानं तिसऱ्यांदा म्हटलं. या वेळी शेवटच्या शब्दावर तिनं मला वाट करून दिली. आवाज खाली आणला, जसा लहान मुलासाठी आणतात. मग थांबली. किती वेळ थांबली ते मी नंतर मोजलंय. अकरा सेकंद.

मी माइक घट्ट धरून उभी राहिले.

मग आत्यानं मान फिरवली. गुणाबाईला हळूच म्हणाली, पण माझ्या कानावर हेडफोन होते, मला ती कानाशी बोलल्यासारखं ऐकू आलं. “राहू दे. दानिएलनं शिकवलं नसंल तिला.”

गाणं पडलं. रीतीप्रमाणं कुणीही ते उचललं नाही. दोनशे माणसं गप्प उभी. सोपानरावांना काय झालं ते कळेना, ते फौजदाराकडं बघायला लागले. तेवढ्यात गुणाबाई पुढं झाली आणि तिनं दोन्ही हातांनी बाभळीची फांदी ओढली. काटे लागले, रक्त आलं, तिनं दुसरी ओढली. मग बाकीच्या बाया गेल्या. फौजदार जरा वेळ बघत राहिला आणि मग सोपानरावांना म्हणाला, “मयत आहे हो. जाऊ द्या.” सोपानराव बाजूला झाले.

लोक गेले. बिनगाण्याचे गेले. उसातून नुसता पावलांचा आवाज आणि पेटीची करकर. शांतवनबाबांना त्यांच्या वाटेनं नेलं, मातीत ठेवलं. ती वाट पुढं तहसीलनंही मोकळी करून दिली. म्हणजे मी गायले नाही म्हणून वस्तीचं काही अडलं नाही, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय.

मला कुणी एक शब्द बोललं नाही. संध्याकाळी आत्यानं मला पिठलं वाढलं, भाकरी वाढली, वर तेल घातलं. “मिळालं का तुला पाहिजे ते?” तिनं विचारलं. टोमणा नव्हता हो. खरंच विचारत होती. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिनं शेंगांची पिशवी दिली आणि मला गाडीत बसवलं.

पुण्याला पोचले त्या दुपारी पप्पा वेताच्या खुर्चीत पेपर वाचत होते. मी मशीन मेजावर ठेवलं आणि लावलं. पहिली ओळ निघाली आणि पप्पांच्या हातातला पेपर खाली आला. दुसऱ्यांदा ओळ आली. तिसऱ्यांदा आली. मग ते अकरा सेकंद. मग आत्याचं ते वाक्य. मी ते आधी कापायचं ठरवलं होतं, पण कापलं नाही.

पप्पांनी पेपर घडी करून मेजावर ठेवला.

“वाट अडवली होती?” त्यांनी विचारलं.

“हो. कबरस्तानाची. शांतवनबाबांना न्यायचं होतं.”

“शांतवन गेला?” त्यांनी चष्मा काढला. “बारवेवर त्यानं मला खांद्यावर घेतलं होतं.” मग म्हणाले, “अक्कानं तुला विचारलं.”

“हो.”

“तुला येत नाही ती ओळ?”

“येते पप्पा. तुम्ही दाढी करताना म्हणता ना.”

“मग?”

मी म्हटलं, “रेकॉर्डिंग खराब झालं असतं.”

आजवर मी पुष्कळ वाक्यं बोलले असेन, व्याख्यानं दिली, भांडले, उपोषणाला बसले. त्या वाक्याइतकं हलकं वाक्य मी दुसरं बोलले नाही. पप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर ओळख होती. आपल्याच वळणावर गेलेल्या माणसाला बघावं तसं ते बघत होते.

त्यांनी स्वतः कॅसेट मागं घेतली. यंत्राची सवय नव्हती, दोनदा चुकलं. मग आत्याची ओळ लागली. ती थांबली त्या जागी पप्पांनी म्हटलं. खुर्चीत सरळ बसून, डोळे मिटून, मोठ्यानं, सहा वर्षांच्या पोरानं म्हणावं तसं. आत्यानं दुसऱ्यांदा विचारलं, त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. आणि टेपमधून लगेच ती म्हणाली, “राहू दे. दानिएलनं शिकवलं नसंल तिला.”

पप्पांनी बटण दाबलं. “तिला जाऊन सांग,” म्हणाले, “शिकवलं होतं म्हणावं.”

“तुम्हीच चला ना. मी गाडीची चौकशी करते.”

“नको. मी काय तोंडानं जाऊ? तिला दारातून परत पाठवणारा मी.” खिडकीकडं तोंड करून ते म्हणाले, “तू जा. तू धाकटी आहेस.”

पुढच्या रविवारी मी गेले. मशीन नेलं नाही. आत्या चुलीपुढं भाकरी थापत होती. मला बघून म्हणाली, “आज तुझं लेकरू कुठं ठेवलंस खांद्यावरचं?”

“घरी. आत्या, मला तुला सांगायचंय.” तुला म्हटलं मी, पहिल्यांदाच, तोंडातून निघून गेलं. “पप्पांनी शिकवलंय मला. मला येत होतं.”

थापणारा हात थांबला. “मग म्हटली का नाय?”

मी खरं ते सांगितलं. आगटेसर, हुंकार, परीक्षक, सगळं. सांगताना मला रडू येत होतं. तिनं शांतपणे ऐकलं, भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

“मंजे ते मशीन तुला म्हणालं, गप बस.”

“हो.”

“आणि तू बसलीस.”

“बसले.”

“आगं वेडे,” ती म्हणाली, “मग मी आठ दिवस त्याला उगाच दोष देत होते की गं. कसाय तो?”

“बरे आहेत. त्यांनी टेप लावून तुला उत्तर दिलं. तीनदा.”

आत्यानं जाळ आत सारला. तोंड तिकडंच ठेवून म्हणाली, “म्हण बघू. कसं शिकवलंय ऐकू दे.”

मी म्हटलं. चुलीपुढं, खाली मांडी घालून, आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या माणसासमोर:

“धनी माझा पुढं चाले, मी तयाच्या पाठी.”

ती ऐकत राहिली. पिठाच्या हातानंच तिनं डोळे पुसले आणि गालाला पीठ लागलं. “त्याचाच गळा,” म्हणाली. “‘चाले’वर तोबी असाच घसरायचा. बाबा रागवायचे.”

“आत्या, आता तू पहिली म्हण ना. एकदाच. मी धरते झील, बघ. या वेळी धरते.”

तिनं माझ्याकडं बघितलं. माया होती त्या बघण्यात, खोटं नाही सांगत. पण तिनं मान हलवली.

“इथं? चुलीपुढं? आपल्याला कुणी अडवलंय का सलोमी?” तिनं फुगलेली भाकरी काढून माझ्या ताटात टाकली. “गरम हाये तवर खा.”

माझा प्रबंध झाला. पुस्तक निघालं. ती टेप आता एका मोठ्या संग्रहालयात आहे आणि लांबलांबून लोक ऐकायला येतात. फार नावाजतात. गाण्याच्या मध्ये कुणाचा साधा श्वाससुद्धा आलेला नाही म्हणतात. तबिथाआत्या त्यानंतर सतरा वर्षं जगली. मी दर सुट्टीत जात राहिले, तिच्याकडून सव्वाशे भजनं शिकले, तिच्याबरोबर देवळात गायले, मोर्च्यांत गायले. पप्पा तिच्याकडं गेले ते तिला मातीत ठेवायलाच. ते एक गाणं तिनं पुन्हा म्हटलं नाही. जळकेवाडीच्या वस्तीला त्यानंतर कुणी कुठं अडवलंच नाही.

त्याचा मी आनंद मानायला हवा. जन्मभर मी व्यासपीठांवरून तेच तर मागत आले. पण आता आत्या नाही, पप्पाही नाहीत, म्हणून सांगून टाकते. त्या सतरा वर्षांत जेव्हा जेव्हा मी एसटीतून उतरून त्या गाडीवाटेनं वस्तीकडं जात असे, तेव्हा मनातून एकच इच्छा करत असे, की सोपानरावांनी आज पुन्हा कुपाटी घातलेली असावी.